अक्का, मी अलीकडच्या काठावर होते

अक्का, मी सगळ्यांना खोटं सांगितलंय. तुम्ही गेलात त्या संध्याकाळी आपण दोघी बरोबर चालत होतो, बोलत होतो, असं. तुमच्या दत्ताला सांगितलं, आमच्या ह्यांना सांगितलं, रोहिणीला फोनवर सांगितलं. भेटायला येणाऱ्या बायका माझा हात धरून म्हणतात, "अक्का नशिबाच्या. शेवटाला घरचं मानूस जवळ हुतं." मी मान हलवते. तेहेतीस वर्षं शाळेत पोरांना खरं बोलायला शिकवलं, आणि आता बायकांसमोर बसून रोज तेच खोटं पुन्हा सांगते. दर वेळी त्यात थोडी भरही पडते. परवा तर मी सांगून टाकलं, की तुम्ही हसत होतात.

हे मी तुम्हाला लिहितेय, आणि तुम्हाला वाचता येत नव्हतं. अख्ख्या गावाच्या पोरांचा हात धरून पाटीवर अक्षरं गिरवून घेतली मी, पण रोज माझ्या शेजारून चालणाऱ्या बाईला स्वतःचं नावसुद्धा शिकवलं नाही. एकदा तुम्ही म्हणाला होतात, "मला बी शिकीव की गं, यस्टीची पाटी तरी वाचीन." मी म्हटलं, सुट्टी लागू द्या. किती सुट्ट्या लागल्या आणि संपल्या. मी रिटायर झाले तेव्हा तुम्ही म्हणालात, "आता तर सुट्टीच सुट्टी." त्यावर मी नुसती हसले होते.

खरं काय ते तुम्हाला माहीत आहे. आपण बोलत नव्हतो. सत्तावीस दिवस आपल्या दोघींत एक शब्द झाला नव्हता. मी कालव्याच्या अलीकडच्या काठावर होते आणि तुम्ही पलीकडच्या.

मी लग्न होऊन सोलापुरातून इकडं आले तेव्हा मला शेतातलं काही कळत नव्हतं. माहेरी आमच्या खिडकीतून समोरच्यांची खिडकी दिसायची, तेवढंच आमचं जग. इथं बघावं तिकडं सपाट काळं रान, एक टेकाड नाही की काही नाही. मला पहिले काही दिवस घाबरल्यासारखं व्हायचं. तुम्ही थोरल्या जाऊबाई, मी धाकटी. मला परसात रडताना तुम्ही पाहिलंत, आणि कुणाला काही न सांगता हातात एक खुरपं दिलंत. "चल," म्हणालात. मला वाटलं खुरपायला नेताय. तुम्ही मला कालव्यावर फिरायला नेलंत.

खुरपं कशाला, ते मला वाटेत कळलं. सुना नुसत्या हिंडायला निघाल्या तर गाव बोललं असतं. हातात खुरपं असलं की कुणी विचारत नाही. कालव्याच्या भरावावरून पुलापासून मोरीपर्यंत जायचं आणि परत यायचं, जाता-येता चार किलोमीटर. पस्तीस वर्षं आपण दोघी खुरपं घेऊन फिरलो आणि त्या खुरप्यानं कधी घरचं तण काढलं नाही. तुम्ही मात्र दुसऱ्यांच्या रानातलं काढायचात. चालता चालता भरावावरून खाली उतरायचं, कुणाच्या तरी हरभऱ्यातल्या चार गवताच्या काड्या उपटायच्या, हरभऱ्याचा कोवळा शेंडा खुडून तोंडात टाकायचा आणि वर यायचं. मी म्हणायचे, अक्का, ही चोरी आहे. तुम्ही म्हणायचात, "मजुरी घिऊ नगं का?"

पहिल्याच आठवड्यात मी ज्वारीच्या रानाकडं बोट दाखवून म्हटलं होतं, किती छान ऊस आलाय. तुम्ही भरावावर बसून पोट धरून हसलात. मग तुम्ही मला एकेक पीक दाखवलंत. शाळू म्हणजे रब्बीची ज्वारी, तो कसा ओळखायचा, मका कसा, करडईचे काटे पायाला लागायच्या आधी कसे बघायचे. "मास्तरीण, हितं तू पैलीत हायस," म्हणायचात. मी तुमचं बोलणं सुधारायला जायचे. हितं नाही अक्का, इथं म्हणायचं. तुम्ही लगेच म्हणायचात, "बरं बाई, इथं बस. आता इथं बसून हितलं बग."

पुढं वाटण्या झाल्या. कालव्यानं जमीन आधीच चिरली होती, तिथंच वाटणी पडली. पलीकडचं थोरल्या भाऊजींना, अलीकडचं आम्हाला. तुमची वस्ती तिकडं गेली. सगळ्यांना वाटलं, जावा-जावांचं आता संपलं. आपण हसलो होतो, आठवतं? तुम्ही रोज संध्याकाळी पूल ओलांडून माझ्या काठाला यायचात. भाऊजी गेले, तेव्हा तेरावा झाल्यावर चौदाव्या दिवशी तुम्ही आलात. कपाळ मोकळं, हातात खुरपं. "घरात बसलं तर मरंन मी," म्हणालात. त्या दिवशी आपण मोरीच्याही पुढं गेलो होतो.

आणि माझी रोहिणी. मी शाळेत, ती तुमच्या कडेवर. दुपारी मला घ्यायला तुम्ही तिला घेऊन कालव्याच्या कडेनं फाट्यापर्यंत चालत यायचात. एसटीतून उतरले की ती आधी तुमच्या मानेत तोंड लपवायची आणि मग माझ्याकडं बघायची. मला त्याचा राग यायचा. हे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही. माझं मूल तुम्ही वाढवत होतात आणि मला आभार मानायच्या ऐवजी राग यायचा. ती तुम्हाला मोठीआई म्हणायची. मला नुसतं आई.

त्या रोहिणीच्या डोहाळजेवणाला मी काय केलं ते लिहायला हात धजत नाही, पण तेच लिहायचं आहे.

सोलापूरहून तिच्या सासरची माणसं आली होती. दारात मांडव, रोहिणी हिरव्या साडीत बसलेली, पाच सवाष्णी ओटी भरायला तयार. तुम्ही सगळ्यांच्या आधी ताट घेऊन पुढं आलात. ताटात तांदूळ, नारळ आणि जांभळा खण. तो खण घ्यायला तुम्ही एकट्या एसटीनं मोडनिंबला जाऊन आला होतात, पाटी वाचता येत नसताना. रोहिणी तुमच्याकडं बघून हसली, तिनं पदरसुद्धा पसरला. तेवढ्यात विहीणबाईंनी माझ्याकडं पाहिलं. नुसतं पाहिलं, अक्का. त्या काही बोलल्या नाहीत. त्या बघण्यात काय होतं ते मला आजही माहीत नाही, कदाचित काहीच नव्हतं. आणि मी म्हणाले, "अक्का, तुम्ही जरा थांबा. आधी सवाष्णींचं होऊ द्या."

तुम्ही ताट खाली ठेवलंत. रुसला नाहीत, निघूनही गेला नाहीत. आत जाऊन पंगतीचं बघितलंत, सगळ्यांना वाढलंत, विहीणबाईंना आग्रह करून अजून एक पोळी वाढलीत. सगळं आटोपल्यावर भांडी घासणाऱ्या बाईला सांगून घरी गेलात. मला सांगितलं नाहीत.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी पुलावर तुमची वाट बघत उभी होते. माफी मागायची ठरवून आले होते, खरंच. पण तुम्ही आलात आणि म्हणालात, "तू मास्तरीण हायस की गं. पोरास्नी काय शिकीवलंस मग?" ते मला झोंबलं. खरं होतं म्हणूनच झोंबलं. माझी जीभ कशी आहे ते तुम्हाला ठाऊकच. मी म्हणाले, "तुमचं तुम्हाला कळायला नको का? ताट घेऊन पुढं आलातच कशाला?"

तुम्ही म्हणालात, "पोरगी माजी हाय वाटलं, म्हनून आले." आणि वळून आपल्या काठाला गेलात.

त्या वाक्याला मी अजून उत्तर शोधतेय. भांडी घासताना, कपडे वाळत घालताना मी तुमच्याशी भांडते. कधी म्हणते, तुमचीच आहे हो. कधी म्हणते, मग मी कोण? भांडण पुढं सरकतच नाही, कारण बोलायची पाळी तुमची आहे.

मला वाटलं, तुम्ही आता फिरायला यायच्या नाहीत. मीही चार पावलं टाकून परत फिरणार होते. तर पलीकडच्या भरावावर तुम्ही दिसलात. हातात खुरपं, नेहमीची चाल. तुम्ही तुमच्या काठानं चाललात, मी माझ्या. मोरीशी तुम्ही वळलात तेव्हा मीही वळले. असं रोज सुरू झालं. मी हळू झाले की तुम्ही हळू व्हायचात. चपलेत खडा गेला म्हणून मी थांबले, तर तुम्ही तिकडं शाळूची ताटं न्याहाळायला लागलात. पहिले काही दिवस कालवा कोरडा होता. मनात आणलं असतं तर तळातून पलीकडं यायला किती वेळ लागला असता? मग पाणी सुटलं. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? येता येत नाही, असं आता म्हणता येत होतं.

आणि संक्रांत जवळ आली होती. आपल्यात अबोला मोडायचा तर कुणाला तरी आधी तोंड उघडावं लागतं, आणि जो उघडतो तो खाली आला असं सगळे धरतात. संक्रांतीला तेवढी मोकळीक असते. हातावर तिळगूळ ठेवला की आधी कोण बोललं हे कुणी बघत नाही. मी ठरवून टाकलं. संक्रांतीला पूल ओलांडून तुमच्या वस्तीवर जायचं, सगळ्या बायकांसमोर तुम्हाला माझ्याकडं घेऊन यायचं, हळदीकुंकवाला सगळ्यांत आधी तुम्हाला पाटावर बसवायचं. मी तीळसुद्धा भाजून ठेवले होते. मनातल्या मनात तुमचा चेहराही बघून घेतला होता. मला माझंच कौतुक वाटत होतं, अक्का. चार दिवस राहिले होते.

त्या संध्याकाळी तुम्ही नेहमीपेक्षा हळू चालत होतात. मीही हळू चालले. अर्ध्या वाटेवर, जिथं रानाकडं पाण्याची चारी फुटते तिथं, तुम्ही खाली बसलात. मी थांबले. वाटलं, टाच दुखत असेल. शाळूकडं बघत उभी राहिले, मधूनच तिरक्या नजरेनं तुमच्याकडं. तुम्ही उठला नाहीत. माझ्या तोंडात शब्द आला होता, "काय झालं अक्का?" एवढाच. मी तो गिळला. आता बोलले तर संक्रांतीचं सगळं फुकट जाईल, असं वाटलं. चारच दिवस तर राहिलेत, असं वाटलं. आणि मी पुढं चालायला लागले.

मोरीपर्यंत गेले, अक्का. सावकाश गेले. तिथं थोडी थांबलेसुद्धा, तुम्ही मागून याल म्हणून. परत आले तेव्हा तुम्ही बसलेल्या नव्हतात, आडव्या झाला होतात.

मग मी ओरडले. मग मला शब्द फुटला. अक्का, अक्का करत मी पुलापर्यंत पळाले आणि तुमच्या काठानं परत पळत आले. मोबाईल घरी राहिला होता. तुमच्यापाशी पोचले तेव्हा अंग अजून ऊन होतं. मी तुमचं डोकं मांडीवर घेतलं. माझा आवाज ऐकून पाण्याच्या मोटारीवरचा माणूस धावत आला, त्यानं दत्ताला फोन केला. दत्ता आला, त्यानं आईला माझ्या मांडीवर पाहिलं आणि विचारलं, "काकू, तुमी संगंच हुता न्हवं?"

मी हो म्हणाले.

तिथून सगळं सुरू झालं. रोहिणीला घरच्यांनी यायला दिलं नाही, तिला नववा लागलाय. ती फोनवर रडते आणि विचारते, "आई, तुमचं बोलणं झालं होतं ना गं? मोठीआई रागात नाही ना गेली?" मी म्हणते, नाही बाळा, आदल्या दिवशीच झालं होतं, तुझंच बोलत होतो. ती शांत होते. मी फोन ठेवते आणि न्हाणीत जाऊन नळ सोडते, म्हणजे आवाज बाहेर जात नाही. तुमची माफी तुम्हाला न विचारता मी घेऊन टाकलीय, आणि लोकांत वाटतेय.

कदाचित हे असंच चाललं असतं. पण दहाव्याला दत्तानं एक गोष्ट सांगितली. सगळे बसले होते, कुणीतरी म्हणालं, अक्कांना आधी काही त्रास नव्हता का? दत्ता म्हणाला, "हुता की. दिवाळीतच डाक्टरनं सांगितलं हुतं, चालू नका, छातीवर लोड येतोय. मी लई सांगायचो, आये, नगं जाऊ. तर म्हनायची, सुनंदा निगाली आसंल. कॅनॉलला पानी सुटलंय, भराव निसरडा हाय. तिला पवता येत न्हाय आन् चप्पल बी शानी घालत न्हाय. कुनीतरी नजर ठिवाय पायजे का नगं?"

सगळ्या बायका पदर डोळ्यांना लावून माझ्याकडं बघायला लागल्या. कुणीतरी माझी पाठ थोपटली.

अक्का, तुम्ही माझ्यावर रागावून तिकडून चालत नव्हता. मला सांभाळायला चालत होतात. डॉक्टरनं नको म्हटलेलं असताना, माझ्याशी एक अक्षर न बोलता, रोज. आणि मी समजत होते, दोघी सारख्याच हट्टी आहोत.

मी दत्ताला गोठ्यामागं बोलावून सगळं सांगितलं. तुम्ही बसताना मी पाहिलं, आणि पुढं निघून गेले, हेसुद्धा. त्यानं शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. तो वैरणीच्या पेंढीची गाठ सोडत राहिला, ती आधीच सुटली होती. मग म्हणाला, "रोहिणीताईला सांगू नगा. बाळतीन हू द्या सुखानं." थोड्या वेळानं म्हणाला, "आन् काकू, चार दीस हिकडं येऊ नगा. मला जरा दम खाऊ द्या." मी जाते म्हणाले. त्यानं अडवलं नाही. त्याचं बरोबर आहे.

म्हणजे रोहिणीला आता खोटंच सांगत राहायचं. आता ते खोटं माझं एकटीचंही राहिलं नाही, त्यात तुमच्या लेकालाही ओढलं मी. ज्यांना खरं माहीत आहे त्यांतल्या एकाला माझं तोंड बघवत नाही आणि दुसऱ्या तुम्ही. मला कुणाशीच बोलता येत नाही, अक्का. मला तुमच्याशी बोलायचं आहे. कुठल्याही काठावरून चालेल. तुम्ही बोलू नका हवं तर, नुसत्या चाला.

काल संध्याकाळी मी कालव्यावर गेले. तुम्ही गेल्यापासून पहिल्यांदा. या वेळी पूल ओलांडून तुमच्या काठाला गेले. शाळू कणसात भरलाय, पाखरं उठत होती. चारीपाशी आले आणि तुम्ही बसला होतात तिथं बसले. मला एवढंच बघायचं होतं, की तिथून अलीकडचा काठ दिसतो का. मी इतके दिवस मनाची समजूत घालत होते, की तुमचं लक्ष नसेल, ऊन डोळ्यांवर असेल, मी थांबलेली आणि मग निघालेली तुम्हाला दिसली नसेल.

सगळं दिसतं, अक्का. अलीकडच्या भरावावर एक धनगराची बाई मेंढरं घेऊन चालली होती. तिच्या डोक्यावरच्या गाठोड्याची गाठसुद्धा दिसत होती. म्हणजे मी तिरक्या नजरेनं बघितलं ते तुम्ही पाहिलंत. माझी पाठ तुम्ही पाहिलीत. मला तिथून उठवेना. मी गुडघ्यात डोकं घालून बसले.

तेवढ्यात त्या बाईची हाक आली. "ओ बाई! आशा का बसलाव? काय हुतंय का तुमास्नी? कुनाला बोलवू का?"

कालवा काठोकाठ भरून वाहत होता, तरी तिचा शब्दन् शब्द मला ऐकू आला. मी हात हलवून सांगितलं, बरी आहे, जा तुम्ही. ती गेली नाही. तिची मेंढरं पुढं कुणाच्या तरी रानात शिरायला लागली, तरी ती तिथंच माझ्याकडं बघत उभी राहिली. मी उठून चालायला लागेपर्यंत ती हलली नाही, अक्का. आणि ती मला ओळखतसुद्धा नव्हती.